एएची मिटिंग गाठायची तर आधी परतीची गाडी बघा

दारू सोडायची इच्छा आहे, गाव तालुक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत आहे आणि कुणीतरी सांगितलंय, "एएच्या मिटिंगला जाऊन बघ." विदर्भातल्या अशा माणसाला ही मिटिंग कितपत उपयोगी पडते, ते इथे तपासलं आहे. मत आधीच सांगतो. खोलीच्या आत जे मिळतं ते अस्सल आहे, फुकट आहे आणि दुसरीकडे सहज मिळत नाही. पण बहुतेक मिटिंगांच्या वेळा शहरात राहणाऱ्यांच्या सोयीने ठरलेल्या असतात. संध्याकाळी सातला सुरू होऊन साडेआठला सुटणारी मिटिंग नागपूरकराला बरी पडते. आर्णी किंवा समुद्रपूरकडच्या आतल्या गावाहून आलेल्याची शेवटची एसटी तोवर केव्हाच निघून गेलेली असते. खेड्यातला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतो तो इथेच.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्या दोघांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. भारतात तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. सभासद होण्यासाठी एकच गोष्ट लागते, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. खर्च सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीतून चालतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. इथे डॉक्टर नसतो, गोळी मिळत नाही, कुणाला भरती करून घेत नाहीत. हे आधी स्पष्ट असलेलं बरं. "दारू सोडवतात तिथे" एवढंच ऐकून घरचे लोक माणसाला जबरदस्तीने गाडीत घालून आणतात आणि दीड तासाने "झालं का? एवढंच?" असं विचारत परत नेतात.

मिटिंग शोधण्याआधीची पायरी दवाखान्याची आहे, आणि ती गाळून चालत नाही. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, ज्याला पूर्वी दारू थांबवल्यावर झटके आले आहेत किंवा नसलेली माणसं-किडे दिसले आहेत, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. झटके साधारण पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, बेभानपणा आला तर जीवही जाऊ शकतो. गावाकडे याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात नेमके हेच तास जातात. झटका आला किंवा माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करून थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठायचं. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे मोठी रुग्णालयं आहेत. डॉक्टरला तीन गोष्टी खऱ्या सांगायच्या: रोज किती, शेवटचा घोट किती वाजता, आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. हातभट्टीची किंवा मोहाची असेल तर ग्लासात माप सांगावं, पव्व्याच्या हिशेबात बसवायला जाऊ नये.

याच टप्प्यावर आणखी एक चूक नेहमी होते. अशक्तपणा आला म्हणून गावातल्या डॉक्टरकडे ग्लुकोजची सलाईन लावून घेतात. महिनोन् महिने नीट न जेवता पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. अशा माणसाला आधी बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. "आधी बी-१ चं इंजेक्शन द्याल का?" एवढं विचारायला संकोच करू नका.

आता शोध. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावांनुसार मिटिंगांची माहिती आहे आणि संपर्काचे नंबरही आहेत. सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येतं. पण सगळ्यांत भरवशाची माहिती आमच्या मते जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात मिळते. तिथल्या समुपदेशकाला आपल्या भागातला कुठला गट खरोखर चालू आहे, हे बहुधा माहीत असतं. छापलेली यादी जुनी होत जाते. जागा बदलते, शाळेची खोली परीक्षेच्या दिवसांत मिळत नाही, ज्याचा नंबर दिलाय तो बदली होऊन गेलेला असतो. म्हणून यादीवर विसंबून बस पकडू नये. आदल्या दिवशी फोन लावावा आणि विचारावं: उद्या मिटिंग नक्की आहे का, सुटते किती वाजता, कुठल्या दारातून यायचं, मराठीत चालते की हिंदीत, आणि सोबत आलेल्या भावाला किंवा बायकोला आत बसता येईल का. फोन उचलला गेला नाही तर दुसऱ्या वेळी लावावा. तिकडचा माणूस पगारी नसतो, तोही शेतावर किंवा ड्युटीवर असतो.

शेवटच्या प्रश्नाचं कारण असं की मिटिंगा दोन प्रकारच्या असतात. ओपन मिटिंगला घरचे, डॉक्टर, कुणीही बसू शकतं. क्लोज मिटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी असते. पहिल्यांदा जाणाऱ्यासोबत माणूस असेल आणि मिटिंग क्लोज निघाली, तर सोबत्याला दोन तास चहाच्या ठेल्यावर बसावं लागतं. तो वैतागला की पुढच्या वेळी सोबत येत नाही. आणि सुरुवातीच्या दिवसांत सोबत लागतेच.

गाडीचं गणित नीट मांडायला हवं. गट निवडताना लोक "चांगला कुठला" असं विचारतात. खेड्यातून येणाऱ्याने "परत कसा येणार" हे आधी विचारावं. ज्या मिटिंगहून उजेडी घरी पोचता येतं ती तुमच्यासाठी चांगली, मग ती थोडी लहान असली तरी चालेल. रविवारी सकाळी किंवा दुपारी मिटिंग असेल तर पहिली पसंती तिला द्यावी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला दुपारची मिटिंग असेल तर तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. त्या दिवशी काळीपिवळ्या आणि ऑटो सारखे धावत असतात, भाडं वाटून जातं आणि "कुठे चालला?" असं कुणी विचारत नाही, कारण सारं गावच चाललेलं असतं. अडचणही त्याच दिवसात आहे. मजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशीच हातात येतात आणि स्टँडच्या वाटेवर भट्टी असते. तेव्हा गाडीतून एक फाटा आधी उतरून दुसऱ्या बाजूने चालत जावं. भाजीची पिशवी आणि पैसे बायकोकडे किंवा भावाकडे द्यावेत, खिशात जाण्या-येण्याचं भाडं आणि चहापुरते ठेवावेत. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. बायको सोबत येणार असेल तर हिशेब तेवढा हलका होतो.

संध्याकाळचीच मिटिंग असेल तर पहिल्याच भेटीत गटाच्या सेक्रेटरीला सांगावं, "माझी गाडी पावणेआठला आहे, मी मधेच उठेन." याला कुणी नावं ठेवत नाही. बोलायचं असेल तर सुरुवातीला संधी मागावी. दुचाकीवाला सभासद त्याच रस्त्याचा निघाला तर प्रश्नच मिटतो, आणि तालुक्याच्या गावात असं जमून जातं. हे विचारायला लाज वाटते म्हणून न विचारणारेच जास्त, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

अनामिकता हे एएचं मोठं बळ आहे. लहान गावात तेच राखायला सगळ्यांत अवघड जातं. पुण्या-मुंबईत खोलीतले चेहरे अनोळखी असतात. तालुक्याला खोलीत शिरलं की समोर कृषी केंद्राचा माणूस, मास्तर किंवा दूरचा साडभाऊ दिसतो. यावर साधा उपाय आहे. शक्य असेल तर पहिल्या चार-सहा मिटिंगा शेजारच्या तालुक्यात कराव्यात आणि पाय स्थिरावल्यावर जवळच्या गटात यावं. खोलीत दिसलेल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी आहे. त्यालाही तुम्ही दिसलेले असता. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लगेच शिरू नये, तिथे तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो. एक-दोघांचे नंबर घेऊन ठेवले की पुरतं.

जागेवरूनही गैरसमज होतात. गट स्वस्तात मिळेल ती खोली घेतो: शाळा, दवाखाना, समाजमंदिर, कधी चर्चचा हॉल. चर्चमध्ये जातोय म्हटल्यावर घरात वेगळीच शंका येते. एखाद्या समाजाच्या सभागृहात मिटिंग असली की दुसऱ्या समाजाचे लोक बिचकतात. एए कुठल्याही धर्माशी, पक्षाशी वा संस्थेशी जोडलेली नाही, जागा नुसती वापरायला घेतलेली असते. जाण्याआधी घरात हे सांगून टाकावं.

आत काय होतं? थोडी शांतता, प्रास्ताविकाचं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. बोलणारा नाव सांगतो आणि "मी मद्यपाशी आहे" म्हणतो. समोरून कुणी सल्ला देत नाही, मधे तोडत नाही, प्रश्न विचारत नाही. पहिल्यांदा आलेल्याने नुसतं "मी ऐकायला आलोय" म्हटलं तरी चालतं. एक पिशवी किंवा डबा फिरतो. कुणी दहा टाकतो, कुणी वीस. नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही, डबा पुढे सरकवला तरी कुणी बघत नाही. शेवटी उभं राहून प्रार्थना होते. सगळं मिळून तास-दीड तास. त्यानंतर चहासोबतची जी दहा-पंधरा मिनिटं असतात, ती आम्हाला मिटिंगइतकीच मोलाची वाटतात. नंबर तिथे मिळतात. "आज रात्री तलफ आली तर फोन कर, दोन वाजता केलास तरी उचलीन," हे वाक्य तिथे ऐकायला मिळतं. गाडीच्या घाईत ही मिनिटं गेली तर अर्धी मिटिंग गेली म्हणायची. बाहेर पानठेल्यावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटला जात असतो, त्यावर कुणी बोलणार नाही. एएचा विषय फक्त दारूचा आहे.

प्रार्थनेत आणि बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा टप्प्यांत, परमेश्वराचा उल्लेख येतो. विदर्भात हा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण खोलीत वारकरीही असतात आणि बौद्धही. पायऱ्यांमध्येच "आम्हाला जसा उमगला तसा" अशी मोकळीक ठेवलेली आहे. पुष्कळ सभासद उच्चशक्ती म्हणजे हा गटच असं धरून चालतात. ज्याला देव मान्य नाही त्याने प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहावं, तेवढं पुरतं. पंचशिलातलं पाचवं शील रोज म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला दारू न पिण्याचा निश्चय नवा नसतो, तो एकट्याने टिकवणं अवघड गेलेलं असतं. माळ घातलेल्याचंही तसंच. माळ घालून दारू सुटलेले लोक प्रत्येक गावात आहेत आणि त्या वाटेबद्दल आम्हाला आदर आहे. पण माळ तुटली, म्हणजे एकदा प्याला, की तो माणूस लाजेने कीर्तनालाही जात नाही. मिटिंगमध्ये प्यालेल्यालाही दुसऱ्या दिवशी खुर्ची असते. इथे स्लिप झाली तर दिवस पुन्हा एकपासून मोजतात, बाहेर काढत नाहीत. आमच्या मते एएचा सगळ्यांत मोठा गुण हाच.

उणिवा आता. काही ठिकाणी एकच जुना सभासद अर्धा तास बोलतो आणि बाकीच्यांना पाच-पाच मिनिटं उरतात. लहान गटात हे जास्त घडतं, कारण त्याला थांबवणारं कुणी नसतं. काही जण "गोळ्या घेतल्यास तर खरी सोब्रायटी (दारूमुक्ती) नाही" असं सांगतात. ते साफ चुकीचं आहे आणि एएचं धोरणही तसं नाही. डॉक्टरने दिलेली गोळी डॉक्टरला विचारूनच कमी करायची. बायकांसाठी तर सोय फारच तोकडी आहे. मोहाची दारू घरोघरी निघते त्या पट्ट्यात पिणाऱ्या बायका आहेत, पण दहा पुरुषांच्या खोलीत एकटीने बसून बोलणं त्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी सध्या फोन किंवा ऑनलाइन महिला मिटिंग हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

आणखी एक घोळ. काही खासगी व्यसनमुक्ती केंद्रं आपल्या आवारात "एए मिटिंग" घेतात आणि चौकशीला आलेल्याला भरती व्हायला सांगतात. दार उघडं नाही, फी मागतात, माणसाला गाडी पाठवून उचलून आणतो म्हणतात, तर तो एएचा गट नाही. भरतीची गरज खरंच असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणावं. नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला नसेल आणि घरच्यांना भेटू देत नसतील तर तिथून निघावं.

उपयोग होतो याला पुरावा काय, असं विचारणं रास्त आहे. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, १०,५६५ लोकांचा आढावा घेतला. पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे ठरावीक पद्धतीचे कार्यक्रम इतर मान्य उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले. हे अभ्यास आपल्याकडच्या खेड्यांतले नाहीत. तरी फायदा नियमित जाण्यातून होतो, हे कुठल्याही जुन्या गटात बसलं की कळतं. "नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा" हा एएतला जुना सल्ला. खेड्यातून तो पाळणं अशक्य आहे, तेव्हा त्याचा धसका घेऊ नये. आठवड्याला एक प्रत्यक्ष मिटिंग, दोन-तीन ऑनलाइन आणि रोज एका सभासदाला फोन, एवढं पहिले तीन महिने जमवावं.

ऑनलाइन मिटिंगसाठी दोन सूचना. झूममध्ये शिरण्याआधी नाव बदलून नुसतं पहिलं नाव ठेवा, नाहीतर मोबाइलवरचं पूर्ण नाव पडद्यावर दिसतं. कॅमेरा बंद ठेवला की डेटाही वाचतो आणि कमी रेंजमध्ये आवाज तुटत नाही. इअरफोन लावून शेताच्या बांधावर किंवा गच्चीवर बसावं. घरात सगळ्यांसमोर बसून कुणी खरं बोलत नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. तिच्या मिटिंगा विदर्भात आणखीच विरळ आहेत, पण बायकोने किंवा आईने एकदा तरी तिचं साहित्य वाचावं. मुख्य सांगायचं ते वेगळंच. भाजीत, चहात लपवून द्यायची "दारू सोडवणारी पावडर" घेऊ नका. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यालं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि शेवटच्या घोटाला किमान बारा तास झाल्यावरच.

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, म्हणून "मिटिंगला गेलो तर पोलिसांत नाव जाईल" अशी भीती असते. एए कुठे नावं नोंदवत नाही आणि कुणाला देत नाही. गडचिरोलीत एएपेक्षा मुक्तिपथ जवळ पडेल. २०१६ पासून सर्च संस्था आणि शासनाच्या सहभागातून चाललेल्या या उपक्रमात तालुक्याला उपचाराची क्लिनिकं आणि गावात शिबिरं होतात, शिवाय तिथे तंबाखूचाही विचार होतो. जाण्याआधी वार विचारून घ्यावा.

वर्षातले काही दिवस आधीच खुणा करून ठेवण्यासारखे आहेत: पोळा आणि त्याची कर, कापसाचा किंवा सोयाबीनचा चुकारा हातात पडतो तो दिवस, मोहफुलाचा मार्च-एप्रिल, लग्नातली वरात, ग्रामपंचायतीची निवडणूक. त्या आठवड्यात मिटिंग चुकवू नये, आणि चुकलीच तर आदल्या संध्याकाळीच कुणाला तरी फोन करून ठेवावा. सोंगणीच्या आणि वेच्याच्या दिवसांत महिनाभर जाणं होत नाही. त्यासाठी आठवड्याचा एक ठरलेला फोन आधीच बांधून ठेवलेला बरा.

जवळपास काहीच नसेल तर? एएच्या परंपरेप्रमाणे दारूपासून दूर राहण्यासाठी दोघे-तिघे मद्यपाशी एकत्र बसले तरी तो गट होऊ शकतो, अट एवढीच की गट म्हणून त्यांचा दुसऱ्या कशाशी संबंध नसावा. मुंबईच्या कार्यालयाला कळवलं की नोंदणीचं कळतं आणि मराठी साहित्य मागवता येतं. त्या दोघा-तिघांतला एक तरी बऱ्याच महिन्यांपासून न पिणारा असावा, नाहीतर दोघे मिळून भट्टीवर जायचा धोका असतो. जागा ग्रामपंचायतीत घेऊ नये, तिथे सगळ्यांचं येणं-जाणं असतं. शाळेची खोली किंवा उपकेंद्राचा व्हरांडा बरा. वार आणि वेळ एकदा ठरली की एकच माणूस आला तरी ती बदलायची नाही. किल्ली मात्र दोघांकडे ठेवावी. एक शेतावर अडकला आणि दार बंद राहिलं, त्याच दिवशी वीस किलोमीटरवरून पहिल्यांदा आलेला माणूस बाहेर उभा असू शकतो.